थॉमस मिजली : इंजिनचा ठोका थांबवणारा संशोधक (१८८९–१९४४)



शास्त्रज्ञांची चरित्रं वर्गात सांगताना आपला एक साचा ठरून गेलेला असतो. लहानपणीची हुशारी, मग अपार कष्ट, मग शोध, मग सन्मान, आणि शेवटी मुलांनो तुम्हीही असेच व्हा. आज ज्यांचं चरित्र तुमच्यासमोर मांडतेय, त्यांच्या आयुष्यात या चारही गोष्टी होत्या. तरीही त्यांचं नाव घेताना आज विज्ञानाचे अभ्यासक अडखळतात. असं का झालं, हे मुलांना समजेल अशा भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे. पाचवीच्या पुढच्या वर्गांना हा पाठ नक्की घेता येईल.

आधी थोडं इंजिनबद्दल

तुम्ही कधी बाइकवर दोघं-तिघं बसून वरच्या गिअरमध्येच घाट चढायचा प्रयत्न केलाय? इंजिनमधून टक्-टक्-टक् असा धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. आपले मेकॅनिक म्हणतात, गाडी नॉकिंग करतेय. मराठीत आपण त्याला इंजिनचा ठोका म्हणू.

हा ठोका येतो कुठून? सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ शिरते. पिस्टन वर येऊन ती दाबतो. मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि आग प्लगपासून सुरू होऊन पुढे पसरत जाते. ही झाली नीट जळण्याची रीत. पण दाब आणि उष्णता जास्त झाली, की आग पोचायच्या आधीच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. होळी एका बाजूने पेटवावी आणि धगीनेच दुसऱ्या बाजूने एकदम भडका व्हावा, तसं. त्या भडक्याने दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि आपल्याला ठोका ऐकू येतो. तो बराच वेळ चालू राहिला तर पिस्टनला भोक पडतं, रिंग तुटते, इंजिन बसतं.

आता गंमत अशी, की इंजिनची ताकद वाढवायची तर मिश्रण जास्त दाबावं लागतं. जास्त दाबलं की ठोका येतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मोटारीची प्रगती या एका आवाजापाशी येऊन अडकली होती.

जन्म, बालपण आणि शिक्षण

थॉमस मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स या गावी झाला. घरात शोधांचं वातावरण होतं. वडील टायरच्या रचनेवर काम करणारे संशोधक होते. आईच्या वडिलांनी लाकूड कापायच्या करवतीला बदलता येणारे दात बसवण्याची युक्ती काढली होती. थॉमस यांचं बालपण ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात गेलं. १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून ते यंत्र अभियंता होऊन बाहेर पडले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यांची पदवी यंत्रांची, रसायनशास्त्राची नव्हे. तरी मूलद्रव्यांचा आवर्तसारणीचा तक्ता ते खिशात घेऊन फिरत. पुढे त्यांना सगळे सन्मान मिळाले ते रसायनशास्त्रातले! शिकणं पदवीपाशी थांबत नाही, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

सुरुवातीची नोकरी आणि वडिलांसोबतचं टायरचं काम करून १९१६ साली ते ओहायोतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत आले. मोटारीचा विजेवर चालणारा स्टार्टर बनवणारे ते हेच केटरिंग. लोक म्हणायचे, गाड्यांचा ठोका केटरिंग यांच्या नव्या इग्निशनमुळेच येतो. शिवाय शेतघरांना वीज देणारी त्यांची छोटी इंजिनं रॉकेलवर चालवली की हमखास ठोकायची. केटरिंग यांनी २७ वर्षांच्या मिजलींना सांगितलं, याचं कारण शोधा.

निदान आधी, औषध नंतर

मिजली यांनी सुरुवात औषधाने केली नाही, निदानाने केली. त्या काळी समज असा होता, की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं म्हणून ठोका येतो. मिजली यांनी सिलिंडरमधल्या दाबाबरोबर हलणारा छोटा आरसा वापरला. आरशावरून परतणारा प्रकाश फिल्मवर पडायचा आणि दाबाची रेघ उमटायची. रेघेने सरळ सांगितलं, की ठिणगीच्या आधी काहीच बिघडत नाही. दाबाची उडी ठिणगीनंतर, जळण्याच्या शेवटी शेवटी बसते. दोष इग्निशनचा नव्हता, इंधनाचा होता.

पुढे त्यांनी आणि त्यांचे सहकारी टी. ए. बॉइड यांनी ठोका मोजायचं साधन बनवलं. सिलिंडरवर एक पिन बसवलेली असे. ठोका बसला की ती उडायची आणि विजेचा मंडल जोडला जायचा. कानाला जे ऐकू येतं ते आता मोजता येऊ लागलं.

आजही पद्धत हीच आहे. शर्यतीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीला सुपरचार्जर लावतात. म्हणजे इंजिनच्याच ताकदीवर फिरणारा हवेचा पंप, जो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पण हवा दाबली की ती तापते, आणि ठोक्याचा धोका वाढतो. म्हणून ट्यूनिंग करणारा माणूस आधी आवाजाचं निदान करतो. बेअरिंग सैल झालंय की खरंच नॉकिंग आहे? इंजिन ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर काय सांगतो? स्पार्क प्लग काढून पाहिला तर त्याच्या पांढऱ्या भागावर धातूचे बारीक ठिपके दिसतात का? मग एकेक उपाय. ठिणगी थोडी उशिरा टाकायची, सुपरचार्जरचा दाब कमी करायचा, मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं, दाबलेली हवा इंटरकूलरने गार करायची, किंवा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरायचं. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजमाप. आपल्या विज्ञान पेटीतल्या प्रयोगांचाही नियम हाच ना?

चुकीची कल्पना, बरोबर उत्तर

आता या चरित्रातला सगळ्यात मजेचा भाग. अमेरिकेत एक रानफूल आहे, पानं लालसर, आणि ते थंडी सरता सरता इतरांच्या आधी फुलतं. केटरिंग आणि मिजली यांनी अंदाज बांधला, की लाल रंग उष्णता लवकर शोषत असावा. मग रॉकेल लाल रंगवलं तर ते लवकर वाफ होऊन नीट जळेल का?

मिजली रंग शोधायला गेले, पण तेलात विरघळणारा लाल रंग सापडेना. हाताशी आयोडीन होतं. ते टाकलं, रॉकेल लालसर झालं आणि ठोका थांबला!

दुसऱ्या कोणी इथेच टाळ्या वाजवल्या असत्या. मिजली यांनी खरे लाल रंग मागवून तपासले. ठोका तसाच. मग आयोडीनचं असं संयुग घेतलं ज्याला रंगच नाही. ठोका थांबला. म्हणजे काम रंगाचं नव्हतं, आयोडीनचं होतं. मूळ कल्पना चुकीची होती, पण तपासायची सवय पक्की होती, म्हणून उत्तर सापडलं. वर्गात मुलाचं उत्तर बरोबर आणि कारण चुकीचं असतं, तेव्हा आपण काय करतो? हा प्रसंग तेव्हा जरूर सांगा.

आयोडीन महाग होतं आणि धातू खाणारं होतं. पुढची पाच वर्षं पदार्थामागून पदार्थ तपासण्यात गेली. ॲनिलिन झालं, सेलेनियम झालं. टेल्युरियमच्या संयुगाला तर लसणासारखी अशी दुर्गंधी होती, की आंघोळ करूनही ती अंगाची जात नसे. मग त्यांनी आवर्तसारणीच समोर ठेवली. कोणत्या गटातली मूलद्रव्यं चांगला परिणाम देतात ते मांडत ते जड मूलद्रव्यांकडे सरकत गेले. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग इंजिनात टाकलं, आणि ठोका गायब! हजार भाग पेट्रोलला एक भागाहूनही कमी पुरत होतं.

यश

२ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमध्ये हे पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. त्याच वर्षी मे महिन्यात इंडियानापोलिसची प्रसिद्ध ५०० मैलांची शर्यत झाली. पहिल्या तिन्ही गाड्यांत हेच पेट्रोल होतं. त्याच शर्यतीत मर्सिडीज कंपनीने सुपरचार्जर लावलेल्या गाड्याही उतरवल्या होत्या. पुढच्या काळात या दोन गोष्टींची जोडी जमली. सुपरचार्जर हवा कोंबणार आणि शिसं ठोका रोखणार. १९४० साली ब्रिटनच्या आकाशातल्या लढाईत स्पिटफायर आणि हरिकेन विमानांना १०० ऑक्टेनचं इंधन मिळालं, तेव्हा त्यांच्या सुपरचार्जरचा दाब दर चौरस इंचाला ६ पौंडांवरून १२ पौंडांपर्यंत नेता आला. त्या इंधनातही शिसं होतं.

मिजली यांच्यावर सन्मानांचा वर्षाव झाला. निकोल्स पदक, पर्किन पदक, प्रीस्टली पदक. १९४४ साली ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. मधल्या काळात फ्रिजसाठी न पेटणारा, श्वासाला त्रास न देणारा वायूही त्यांच्या गटाने शोधला. तोच फ्रिऑन. त्या कुळातले वायू ओझोनचा थर विरळ करतात, हे १९७४ नंतर जगाला कळलं. पण ती वेगळी गोष्ट आहे, आज आपण शिशापाशीच थांबू.

हे त्यांना माहीत नव्हतं का?

पालकहो, हा प्रश्न मुलं विचारतातच, आणि उत्तर टाळू नये. शिसं विषारी आहे हे शेकडो वर्षांपासून माहीत होतं. १९२२ मध्येच काही तज्ज्ञांनी पत्रं पाठवून सावध केलं होतं. खुद्द मिजली यांना १९२३ च्या सुरुवातीला शिशाची बाधा झाली आणि ते हवापालटासाठी फ्लोरिडाला गेले. बाजारात मात्र हे पेट्रोल एथिल या नावाने आलं. नावात शिसं हा शब्दच नव्हता.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात कामगारांना भ्रम होऊ लागले, झटके येऊ लागले. ५ जण दगावले. वर्तमानपत्रांत ओरड झाली. त्या महिनाअखेरीस मिजली पत्रकारांसमोर उभे राहिले, ते द्रव हातांवर ओतून घेतलं आणि मिनिटभर त्याचा वासही घेतला. आपल्याला काही होत नाही हे दाखवण्यासाठी. आधी स्वतः आजारी पडून आलेला माणूस हे करत होता.

मे १९२५ मध्ये सरकारने परिषद बोलावली. डॉ. ॲलिस हॅमिल्टन या विषबाधेच्या मोठ्या अभ्यासक होत्या. कारखान्यातल्या कामगारापुरता हा प्रश्न नाही, रस्त्यावरच्या प्रत्येकाचा आहे, असं त्यांनी तिथे बजावलं. विक्री काही महिने थांबली. समितीने थोड्याच कालावधीत तपासणी केली आणि १९२६ च्या जानेवारीत बंदीला आधार नाही असं सांगितलं. पुढेही सरकारी अभ्यास चालू ठेवावा, अशी शिफारस होती. ती मागे पडली आणि विक्री पुन्हा सुरू झाली.

दुसरा मार्गच नव्हता का? होता. अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, मिसळलं की ठोका थांबतो हे मिजली यांना चांगलं ठाऊक होतं. पण ते जास्त प्रमाणात मिसळावं लागतं, आणि ते कोणीही बनवू शकतो. त्यावर एका कंपनीची मालकी सांगता येत नाही. शिशाचे काही थेंब पुरत होते आणि त्याचं पेटंट होतं. आज आपल्या पेट्रोल पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या साखर कारखान्यांतून ते येतं, आणि त्याने पेट्रोलचं ऑक्टेन वाढतं. शंभर वर्षांपूर्वी बाजूला सारलेलं उत्तर आज उसाच्या वाटेने परत आलं आहे.

शिसं गेलं कुठे?

आता माझ्या मते या पाठाचा गाभा. जळलेल्या शिशाचा थर स्पार्क प्लगवर आणि व्हॉल्व्हवर साचायला लागला. इंजिन खराब होऊ लागलं. मग पेट्रोलमध्ये ब्रोमीनचं एक संयुग टाकलं. त्यामुळे शिसं साचून न राहता धुराबरोबर बाहेर पडू लागलं. इंजिन स्वच्छ झालं. प्रश्न सुटला.

कोणाचा? इंजिनचा. शिसं नाहीसं झालं नव्हतं. ते सायलेन्सरमधून रस्त्यावर आलं, धुळीत बसलं, अंगणात आलं. आणि धुळीच्या सगळ्यात जवळ कोण असतं? रांगणारं, मातीत खेळणारं, हात तोंडात घालणारं मूल.

पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं आहे हे ज्यांनी काढलं, त्या क्लेअर पॅटरसन यांना मोजमाप करताना सगळीकडे शिशाची भेसळ सापडू लागली. हे शिसं निसर्गातलं नाही, माणसाने पसरवलेलं आहे, हे त्यांनी १९६५ मध्ये ठामपणे मांडलं. आणि १९७९ साली डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला, जो प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला माहीत असायला हवा. बॉस्टनजवळच्या शाळांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी गोळा केले. आपल्याकडे मुलं पडलेला दात कौलावर फेकतात ना, ती मुलं तो बाईंकडे आणून देत होती! दातांत शिसं किती ते मोजलं. दुसरीकडे वर्गशिक्षकांना विचारलं, हे मूल वर्गात कसं वागतं? लक्ष टिकतं का? सांगितलेलं काम क्रमाने करतं का? दातातलं शिसं शिक्षकांना माहीत नव्हतं. तरीही दातात जितकं शिसं जास्त, तितक्या शिक्षकांच्या तक्रारी जास्त. बुद्धिमापन चाचणीतही जास्त शिसं असलेली मुलं मागे होती.

विचार करा. कित्येक वर्षं ज्या मुलांना चंचल, मठ्ठ, ऐकत नाहीत असे शेरे मिळाले, त्यांतल्या काहींच्या शरीरात गाड्यांच्या धुरातलं शिसं होतं. पालकांची चूक नव्हती, मुलांचीही नव्हती.

शेवट

हे सगळं पाहायला मिजली नव्हते. १९४० मध्ये त्यांना पोलिओ झाला आणि पाय लुळे पडले. पलंगावरून उठता यावं म्हणून त्यांनी स्वतःच दोऱ्या आणि कप्प्यांची रचना केली होती. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत अडकून त्यांचा मृत्यू झाला. वय ५५.

अमेरिकेत १९७५ पासून नव्या गाड्यांना धूर स्वच्छ करणारं उपकरण लागलं. शिशाने ते निकामी होतं, म्हणून शिसं नसलेलं पेट्रोल आलं. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंमिश्रित पेट्रोल बंद झालं. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, ते २०२१ मध्ये थांबलं. म्हणजे डेटनच्या पहिल्या विक्रीपासून ९८ वर्षं. पिस्टन इंजिनच्या छोट्या विमानांच्या इंधनात ते अजूनही वापरलं जातं. शिशाचं कोणतंही प्रमाण मुलांसाठी सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा जुन्या ऑइलपेंटचे पापुद्रे आणि फोडलेल्या बॅटऱ्या यांपासून मुलांना लांब ठेवणं हे आपल्या हातात आहे.

मुलांना हे सांगताना मिजली यांना खलनायक करू नका. ते मेहनती होते, निदानात तल्लख होते. त्यांनी इंजिनचा ठोका कानांनी ऐकला, डोळ्यांनी पाहिला, मोजला. पण इंजिनच्या बाहेर काय होतंय ते मोजायचं राहिलं, आणि ज्यांनी सांगितलं त्यांचं ऐकलं गेलं नाही.

वर्गात काय घेता येईल?

१. लाल रंग आणि आयोडीनची गोष्ट अर्ध्यावर थांबवा. रंगामुळे झालं की पदार्थामुळे, हे कसं तपासाल, ते मुलांकडून काढून घ्या.

२. गटात चर्चा : शिसं इंजिनातून बाहेर पडल्यावर कुठे कुठे गेलं? मुलांना पेट्रोल पंपापासून घराच्या अंगणापर्यंत चित्रसाखळी काढायला सांगा.

३. घरातली एक वस्तू निवडा. साबण, पिशवी, सेल, काहीही. वापरून झाल्यावर ती कुठे जाते, हे पालकांना विचारून पाच ओळी लिहून आणायला सांगा.

४. गणितात किंवा परिसर अभ्यासात मुलाने बरोबर उत्तर दिलं, की शाबासकी द्या आणि लगेच एक प्रश्न जोडा : आणि पुढे काय होईल?

तिसरा उपक्रम पालकांनी घरीही घ्यावा. मुलं फार मजेशीर उत्तरं आणतात, आणि कधीकधी आपल्यालाच उत्तर माहीत नसतं. मग दोघांनी मिळून शोधा.